पाय तुझा, कान माझा

शिळफाटा, खोपोली
२४ ऑगस्ट २०२५

गोदू,

सलाम घे. तुझ्या घरी गणपती येतायत, तू कामात बुडालेली असशील. तरी हातातलं ठेव आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

फोन सोडून रहिमानं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. खरं सांगते. मला ऐकू येत नाही. एकदम नाही गेलं, वर्षावर्षानं कमी होत गेलं. तू फोन करायचीस तेव्हा मी नुसती "हो गं, हो गं" करायचे आणि रेंज नाही म्हणून ठेवून द्यायचे. रेंज चांगली होती. तुला वाटलं असेल, ही शिळफाट्याला दुकान टाकून शेठाणी झाली. कडावच्या शाळेत सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो, तुझ्याशी तरी खोटं बोलायला नको होतं.

दुकानात तर रोज गोंधळ. मागल्या महिन्यात एका आजींनी ब्लाउज टाकला. बाही साडेतेरा सांगितली, मी साडेतीन ऐकली. आयुष्यभर कोपराखाली बाही घातलेली बाई, तिला मी कॉलेजच्या पोरीसारखी बाही लावून दिली. आजी दुकानात येऊन बोलत होत्या, मला ओठ हलताना दिसत होते. तेवढ्यात मागे उभे असलेले आजोबा हसायला लागले. त्यांना आवडला होता म्हणे.

हे हसण्यासारखं. दुसरं नाही. शेजारच्या गल्लीतली एक ओळखीची बाई आली, बराच वेळ बोलत होती. मला वाटलं, मुलाचं लग्न ठरलं. मी म्हणाले, "फार चांगलं झालं, मुबारक." तिचे सासरे वारले होते. त्या दिवसापासून ती समोरून जाते पण माझ्याकडे बघत नाही. आता मी गिऱ्हाइकाशी बोलणंच टाळते. माझा फुरकान म्हणतो, अम्मी, दुकान बंद कर, मी कमावतो. कामाला जाऊन आल्यावर तो माझ्याशी ओरडून बोलतो, त्याचा घसा बसतो.

आणि तू कुठे आहेस? दर ईदला शिरखुर्म्याला यायचीस. साखरेचा आजार आहे म्हणून एक वाटी, आणि मग माझा डोळा चुकवून दुसरी. यंदा दोन्ही ईदला आली नाहीस. रागावलीस का? लिही.

तुझी,
रहिमा


कडाव, ता. कर्जत
९ सप्टेंबर २०२५

रहिमे,

नमस्कार. गणपती गेले, घर रिकामं वाटतंय, आता निवांत बसून लिहिते. माझं अक्षर तुला ठाऊकच हाय, कोंबडीचे पाय. लावून वाच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, साडेतीनच्या बाहीला तर आमचे हे बुधाजीपण हसले, ते कंदी हसत नायत. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. मी खरंच तुला शेठाणी समजत व्हते गं. फोन आपटायची तू, आन मी इकडं दिवसभर मनात तुझ्याशी भांडायची.

आता ऐक, म्हणजे वाच. आमच्या गावच्या गुरुजींनी कानाचं मशीन लावलंय. आता ते पारावर बसून सगळ्या गावाच्या गोष्टी ऐकतात, लोक उलट त्यांच्यापासून लांब बसतात. तू पण घे. फुरकानला सांग, पनवेलला घेऊन जा. डोळ्याला चष्मा लावतेस तेव्हा लाजतेस का? मग कानाला कसली लाज?

ईदला आले नाय, कारण कामच एवढं निघालं. पहिल्या ईदला घरात आजारपण, दुसरीला राब भाजायचा, भाताची पेरणी, मग रोपांची आवणी. भाजीचं माझं बसणं झकास चाललंय. कर्जतला स्टेशनाबाहेर तीच जागा, शेजारी तीच धाऊ, तिच्या जिभेला तीच धार. सून रिया माझी लई काळजी घेते. मी बरी हाय. माझी चिंता करू नको.

मशीन घेतलंस की लगेच कळव.

तुझी,
गोदू


शिळफाटा
११ ऑक्टोबर २०२५

गोदू,

मशीन घेतलं. पनवेलला तपासणाऱ्या ताईंनी काचेच्या खोलीत बसवून कानात टिकटिक वाजवली, ऐकू आलं की बटण दाबायचं. मग दोन्ही कानांच्या मागे बसतील अशी शेंगदाण्याएवढी मशीनं दिली. मी घरी आले आणि जग अंगावर आलं. ओढणी कानाला घासली की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. बांगड्या वाजल्या तरी दचकायचे. पापड खाल्ला तर डोक्यात भिंत पडल्यासारखं वाटलं. दुकानात शिलाई मशीन चालू केलं आणि हायवेचा डंपर दुकानात शिरला असं समजून मी उठून उभी राहिले. दोन दिवस सोसलं. आता ती मशीनं ड्रॉवरमध्ये आहेत, बटणांच्या डब्यात.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही.

परवा मी कर्जतला आले होते. तुला न सांगता यायचं, भाजीची घासाघीस करायची आणि तू ओळखेपर्यंत तोंडावर ओढणी ठेवायची, असा बेत होता. तुझ्या जागेवर कोणी दुसरंच कांदे घेऊन बसलं होतं. धाऊला विचारलं. ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा कळलं नाही. मग तिनं हाताची सुरी केली आणि स्वतःच्या गुडघ्याखाली ओढून दाखवली.

तेवढं मला ऐकू आलं, गोदू.

मी तिथून तडक तुझ्याकडे निघाले होते. कडावच्या रिक्षात बसले, रिक्षा भरायची वाट बघितली आणि भरायच्या आत उतरले. तू भाजीचं झकास चाललंय असं लिहिलंस, म्हणजे मी तुला तशी बघू नये असं तुला वाटत होतं. तू नको म्हणतेस तिथे मी कशी येऊ?

फार रागावले आहे. पण आधी तू कशी आहेस ते लिही. खरं लिही.

रहिमा


कडाव
१७ ऑक्टोबर २०२५

रहिमे,

धाऊला मी बजावलं व्हतं, कोणाला सांगू नको. तिनं तोंडानं सांगितलं आसतं तर तुला कळलंच नसतं. तिनं हातानं सांगितलं.

मार्चात झालं. शेतात तळपायाला काटा गेला. साखरेनं पायाला बधिरपण आलंय, मला कळलंच नाय. जखम चिघळली, मी हळद दाबून फिरत ऱ्हायले. दवाखान्यात गेले तोवर उशीर झालेला. डाव्या पायाचं गुडघ्याखाली कापलं. डॉक्टर बोलले, गुडघा वाचला, नशीब समजा. तेव्हा मला नशीब वाटलं नाय.

तुला कळवलं नाय, कारण जो येतो तो आधी पायाकडं बघतो, मग माझ्याकडं. तू तशी बघितलीस तर मला सोसलं नसतं.

पावसाच्या आधी एका शिबिरात मला नकली पाय मिळाला. चांगला हाय, बोटंपण काढलीत त्याला. पण घातला की आत पाय हालतो, घासतो, साल निघते. आन घालायचा-काढायचा म्हणजे लुगडं सगळं वर घ्यायचं, चार माणसांत ते कसं करू? एकदा निऱ्या त्याच्यात आडकल्या, मी ओट्यावरनं खाली आले. रिया रडली. तेव्हापासून पाय भिंतीला खुंटीवर हाय, छत्रीच्या शेजारी. आन मी खाटेवर. रिया मला पाणीसुद्धा घेऊ देत नाय. "आई, तुमी बसा." उठले तरी बसा, हालले तरी बसा. तिच्या मायेनं मी निम्मी मेले, रहिमे. भाताची आवणी झाली ती मी खिडकीतनं बघितली.

आता तू रागव. पण एक इचारते. तू कानाची मशीनं बटणांच्या डब्यात ठेवलीस, मी पाय खुंटीवर ठेवला. तू कुठल्या तोंडानं मला बोलणार?

आन येऊ नको आत्ता. तुझ्या दारात मी चालत येईन. तोवर पत्रच बरं.

गोदू


शिळफाटा
५ नोव्हेंबर २०२५

गोदू,

बरोबर आहे, बोलायला मला तोंड नाही. म्हणून बोलत नाही, शिवून पाठवते. पार्सल फोड.

वरच्या पिशवीत मोजे आहेत. फुरकाननं तुझ्या बुधाजींकडून शिबिरवाल्यांचा नंबर घेतला आणि पाय बनवणाऱ्या भाऊंशी बोलला. ते म्हणाले, ऑपरेशननंतर उरलेला पाय महिन्यामहिन्यानं बारीक होत जातो, म्हणून नकली पाय सैल पडतो. मोज्यांचे थर वाढवायचे, आणि तरी हालला तर आतली वाटी बदलून घ्यायची. बायका पुन्हा येतच नाहीत, खुंटीवर ठेवतात, असं ते स्वतःच म्हणाले. मी मऊ होजिअरीचे मोजे शिवलेत. शिवण सगळी बाहेरच्या बाजूला आहे, आत कुठेही दोरा टोचणार नाही. हात फिरवून बघ. पण घालायच्या आधी भाऊंना दाखव, आणि रोज पाय बघून घे, साल निघालीय का ते. तुला कळत नाही म्हणून डोळ्यांनी बघायचं.

खाली लुगडं आहे. निऱ्या शिवून टाकल्यात, कमरेला हूक आणि नाडी, परकरासारखं चढवायचं. डाव्या बाजूला खालच्या काठापासून गुडघ्यापर्यंत चेन आहे, ती घडीखाली झाकली जाते. मोजा नीट करायचा झाला तर चेन उघड, काम कर, लाव. भर बाजारात कोणाला कळणार नाही. आणि काठ घोट्याच्या वर चार बोटं ठेवलाय. आता तू म्हणशील, मग पाय दिसेल. दिसू दे. काठ खाली ठेवला तर पाय झाकेल आणि तू पडशील.

हे तुला लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. कानामागचं मशीन दिसू नये म्हणून मी पनवेलहून येताना गाडीत ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली होती. तेव्हा असं ठरवू. तू रोज पाय घालायचा, मी रोज मशीन लावायचं. जिनं सोडलं तिनं दुसरीला खरं कळवायचं. कबूल?

रहिमा


कडाव
२ डिसेंबर २०२५

रहिमे,

कबूल. आन तू खोटारडी हायस, त्याच्यावर नंतर येते.

मोजे घेऊन भाऊंकडं गेले. त्यांनी उलटसुलट करून बघितले, इचारलं, कोणी शिवले? मी बोलले, माझ्या मैत्रिणीनं, ती बहिरी हाय पण हात सोन्याचा. ते हसले. मग त्यांनी पायाचं नवीन माप घेतलं, आतली वाटी बदलली आन मला दोन लोखंडी दांड्यांच्या मधी चालायला लावलं. मी सारखी खाली बघायची. ते बोलायचे, "मावशी, जमीन कुठं पळत नाय. समोर बघा."

घरी आता मळणी झाली, खळं रिकामं हाय. तिथं काठी घेऊन फिरते. पहिल्या आठवड्यात रिया माझ्या मागं दोन्ही हात पसरून चालायची, कोंबडी धरायला निघाल्यासारखी. लुगडं पाहून बायका जमल्या. एकीनं चेन उघडून बघितली, दुसरीनं लावून बघितली. मला वाटलं व्हतं पायाकडं बघतील. पाय ऱ्हायला बाजूला, सगळ्या चेनच बघत बसल्या. दोघीतिघींना तसलंच पाहिजे, पाय चांगले असून. त्यांना निऱ्यांचा कंटाळा आलाय.

आता तुझं. मागल्या पत्रानंतर तू फुरकानकडनं निरोप धाडलास, मशीन रोज लावते म्हणून. मला शंका आली. रियाला बोलले, दुकानाच्या नंबरवर फोन लाव आन इचार. तिनं चांगलं मोठ्यानं इचारलं, "मावशी, कानाचं मशीन लावलंय का?" तू काय बोललीस? "हो, मशीन लावलंय ना, पिको-फॉल दोन्ही करून मिळेल."

रिया जमिनीवर बसून हसली. मीपण हसले. पण रहिमे, मी रोज पायाची साल जपत चालते, आन तू मला फसवतेस. उद्या ताईकडं जा. जाऊन सांग, डंपर नको, माणसं ऐकायला पाहिजेत. काहीतरी उपाय आसंल. माझ्या पायाला व्हता.

गोदू


शिळफाटा
२२ जानेवारी २०२६

गोदू,

चोर पकडलास. शरमेनं उत्तर द्यायला उशीर केला, आणि मनात होतं की आता पुरं सांगण्यासारखं झाल्यावरच लिहायचं.

ताईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, इतक्या वर्षांची शांतता मोडली की मेंदू घाबरतो, त्याला सवय लावावी लागते. मी पहिल्याच दिवशी मशीन लावून दुकानात बसले, तिथेच चुकले. आधी घरात, एका माणसाशी, थोडा वेळ. मग हळूहळू बाहेर. मशीन कॉम्प्युटरला जोडून त्यांनी मोठे आवाज कमी केले आणि दुकानासाठी वेगळं बटण करून दिलं. ओढणीचा उपाय मी केला. कानाजवळ जिथे घासते तिथे तुझ्या मोज्यांचं उरलेलं मऊ कापड लावलं. आता वाळू ओतली जात नाही.

पहिले आठ-दहा दिवस संध्याकाळी फक्त फुरकानशी बोलायचं ठरवलं. तो सवयीनं ओरडला. मी म्हणाले, "हळू बोल." तो थांबला, आणि साध्या आवाजात म्हणाला, "अम्मी, जेवलीस का?"

गोदू, त्याचा आवाज त्याच्या अब्बांसारखा झालाय. मला माहीतच नव्हतं. आवाज फुटला तेव्हापासून तो माझ्याशी ओरडूनच बोलतोय, ओरडण्यात आवाज कळत नाही. अब्बा जाऊन किती वर्षं झाली, आणि इकडे तो आवाज रोज घरात येत-जात होता. मी त्याला पुन्हा विचारायला लावलं, काय म्हणालास? त्याला वाटलं मशीन बिघडलं.

मग दुकानात बसले. माझं शिलाई मशीन आतून खडखडतंय, हे मला त्या दिवशी कळलं. कारागिराला दाखवलं, तो म्हणाला हे फार जुनं दुखणं आहे. म्हणजे एवढे दिवस सगळी गल्ली ते ऐकत होती आणि कोणी बोललं नाही.

मागच्या आठवड्यात दोन बायका आल्या. मी कापड बेतत होते, पाठ त्यांच्याकडे. एक म्हणाली, "हिच्याकडे नको टाकूस, बहिरी आहे, भलतंच शिवते." दुसरी म्हणाली, "हात मात्र चांगला आहे गं तिचा." मी वळले, ओढणी कानामागे सारली, मशीन दाखवलं आणि म्हणाले, "बहिरी होते. आता माप सांगा, मी पुन्हा वाचून दाखवते." ती बिचारी एवढी गोंधळली की तिनं एकाच्या जागी तीन ब्लाउज टाकले. फुरकान दुकान बंद करायचं म्हणत नाही आता.

आणि ती सासरे वारलेली बाई. तिच्या घरी मी स्वतः गेले. मशीन दाखवलं, काय झालं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, "अगं, सासऱ्यांचा स्वभाव बघता तू बरोबरच बोललीस." दोघी हसलो, आणि मग ती रडली. मी सगळं ऐकलं.

तू किती चालतेस ते लिही. खरं.

रहिमा


कडाव
९ मार्च २०२६

रहिमे,

तुझे रोजे चालू, ईदच्या कपड्यांची दुकानात रीघ लागली आसंल, म्हणून तू काल येऊ शकली नायस हे मला कळतं. पण तू पाहिजे व्हतीस. काल जागतिक महिला दिन, ग्रामपंचायतीनं शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठेवलेला. भाषणं झाली, रांगोळी झाली, आन मग संगीत खुर्ची.

मी नाव दिलं.

रिया माझ्यासमोर उभी ऱ्हायली. "आई, ढकलाढकली होते त्यात." मी बोलले, म्हणून तर खेळायचं. मोजा नीट केला, चेन लावली, काठी तिच्या हातात दिली आन गोलात शिरले. रियानं काठी दुसरीकडं दिली आन माझ्या मागं येऊन उभी ऱ्हायली, खेळायला नाय, मला सांभाळायला.

गाणं लागलं. मी चालले, रहिमे, गाण्याच्या ठेक्यावर चालले. गाणं थांबलं, माझ्यासमोर खुर्ची रिकामी. बसले. दुसऱ्या वेळेला पण रिकामी. तिसऱ्या वेळेला मी मुद्दाम हळू गेले, तरी खुर्ची माझी वाट बघत उभी. आन समोर पाटलाची धाकटी सून, तरणीताठी, हसत-हसत बाद. तेव्हा मला कळलं. सगळ्या मिळून मला जिंकवायला निघाल्या व्हत्या.

मला असा राग आला. मी खुर्चीवरनं उठले आन माइक घेतला. बोलले, "बायांनो, मी खेळायला आलेय, ओवाळून घ्यायला नाय. ज्यांना खरं खेळायचं नाय त्यांनी बाहेर बसा." सरपंचबाईंनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

मग मात्र खेळ झाला. कोणी कोपर मारलं, कोणी पदर ओढला. मी एकीला ढकलली, ती अजून माझ्याशी बोलत नाय. आठ खुर्च्या ऱ्हायल्या, सात ऱ्हायल्या. गाणं थांबलं, माझ्या समोरच खुर्ची, मी वळले बसायला, आन कंबरेवर असा धक्का बसला की मी थेट जमिनीवर. मान वर करून बघते तर खुर्चीत रिया, मला सांभाळायचं इसरून खेळत सुटलेली.

ती उठायला लागली. मी खालनंच बोलले, "बस. उठलीस तर खबरदार." मग चांगल्या पायाचा गुडघा टेकला, हात जमिनीला लावले, भाऊंनी शिकवल्यासारखा भार पुढं घेतला आन उभी ऱ्हायले. कोणी हात दिला नाय. द्यायला पुढं आली व्हती एक, रियानंच तिला अडवलं. टाळ्या पडल्या, पण त्या रियासाठी पडल्या, खुर्ची तिनं मारली व्हती. मी बाद होऊन बाकड्यावर जाऊन बसले, माझ्याआधी बाद झालेल्यांच्या रांगेत. तिथं सगळ्या पंचाला शिव्या देत व्हत्या. मीपण दिल्या.

शेवटी जिंकली ती अंगणवाडीची बाई. जाऊ दे.

ईदला येते. रिक्षानं कर्जत, तिथनं खोपोलीची गाडी, आन स्टेशनवरनं तुझ्या दारापर्यंत माझ्या पायांनी. धाऊला सांगून ठेवलंय, ईद झाली की माझी जागा मोकळी करून ठेव. ती कुरकुरली, म्हणजे तिला बरं वाटलं.

आता आज सकाळचं सांगते आन थांबते. मी उठले, पाय घातला, चूळ भरली. रिया रोज माझ्याआधी उठलेली असते, भाकरीचा आवाज येत असतो. आज आवाज नाय. मला वाटलं, कालचं मनाला लावून घेतलं पोरीनं. तिच्या खोलीशी गेले. तर ती पांघरुणातनंच बोलली, "आई, आज भाकऱ्या तेवढ्या तुमी टाका ना. मी जरा झोपते, काल लई दमले."

मी ओट्यापुढं उभी ऱ्हायले, तवा ठेवला, पीठ मळलं. वर्षभरात मला कोणी काम सांगितलं नव्हतं. एवढी खूश झाले की पहिली भाकरी करपली.

तुझी,
गोदू